जुलैतली धार

जूनच्या अखेरीस बर्फ खरवडून काढतात.
लाल-निळ्या रेषा वितळून गटारात जातात,
खाली उरतं करडं काँक्रीट.
यंदा झाडताना पंचवीस सेंटचं एक नाणं सापडलं,
ते मी खिशात टाकलं.

वरच्या मजल्यावर फळा आहे.
त्यावर बचावपटूंची नावं,
नावापुढे वय, वजन आणि मागितलेला आकडा.
पहिल्या जुलैला दुपारी बारा वाजता
ही माणसं मोकळी होतात.
मोकळी म्हणजे कशी, मला विचारू नका.
माल उतरवलेला ट्रक होतो तशी,
किंवा भाडेकरू गेल्यावर खोली होते तशी.

माझं काम तळघरात. थंडर बेमधले सत्तावीस हिवाळे
मी स्केटची पाती घासत काढले.
चेहरे विसरतो. पाती विसरत नाही.

हानाक. सहा फूट चार इंच.
दोन वर्षांपूर्वी पाहुण्या संघातून आला होता,
त्यांचं यंत्र बिघडलं म्हणून त्याची जोडी माझ्याकडे आली.
डावं पातं टाचेपाशी कोरं, वापरलंच नसल्यासारखं.
डावीकडे वळायला कचरतो हा.
डूली, वय एकतीस,
धार मागतो विशीतल्या पोरासारखी खोल,
गुडघे कुणाचे आणतो कोण जाणे.
वरच्यांनी मला कधी विचारलं नाही.
मीही जिने चढलो नाही.

स्टेफिशिनचं नाव फळ्यावर नाही.
नऊ मोसम तो आमचा होता,
म्हणून त्याची जोडी अजून माझ्या खुंटीवर.

बोहदान स्टेफिशिनचा धंदा उलटं पळण्याचा.
समोरून पोरं वाऱ्यासारखी येणार,
यानं त्यांच्या छातीवर डोळे ठेवायचे, पककडे बघायचं नाही,
आणि मागे, मागे, मागे सरकत
त्यांना कडेच्या फळीशी नेऊन सोडायचं.
नऊ वर्षं मागे सरला
आणि एकदाही पाठ दाखवली नाही.
त्याचे गोल मोजायला दोन्ही हात लागत नाहीत.
न झालेले गोल कुणी मोजत नाही.

पहिल्या जुलैला साडेअकराला तो आला,
बरोबर सात वर्षांची ल्यूबा, हातात वितळतं आइस्क्रीम.
म्हणाला, धार लाव.
कुठे निघालास?
कुठेच नाही. अजून.

मी यंत्र सुरू केलं. ठिणग्या उडाल्या,
ल्यूबानं एक पाऊल मागे घेतलं, अगदी बापासारखं,
तोंड समोर ठेवून.
बर्फ कुठे गेलं, तिनं विचारलं.
रजेवर, तो म्हणाला.

बारा वाजून चार मिनिटांनी त्याचा फोन थरथरला.
यंत्र मी बंद केलं नाही, नुसता हात थांबवला.
त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं.
ओक्साना, म्हणाला. येताना दूध आण म्हणते.

खिशातलं नाणं काढून पात्यावर आडवं ठेवलं.
दोन्ही कडा एका पातळीत असतील तरच ते सरळ बसतं.
बसलं.
एवढ्यात छतातून आरोळी आली, पाठोपाठ टाळ्या,
आणि जिन्यावरून कुणीतरी ओरडलं, हानाक!

स्टेफिशिन छताकडे बघत राहिला.
चांगला आहे पोरगा, म्हणाला,
फक्त डावीकडे जरा...
माहितीये, मी म्हटलं.
मग दोघंही हसलो, गरजेपेक्षा जास्त वेळ.

पैसे विचारले. मी नाही म्हटलं.
त्यानं दोन्ही स्केट छातीशी धरले,
ल्यूबानं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं.
हात रिकामे नव्हते, म्हणून
पाठीनं दार ढकलत
तो उलटा बाहेर गेला,
डोळे माझ्या छातीवर.

दूध विसरू नकोस, मी म्हटलं.